मोटरहोमच्या प्रवासात युद्धसंग्रहालय कसे पाहावे

इंग्लंडमधील डॉर्सेट काउंटीत बोव्हिंग्टन येथे रणगाड्यांचे संग्रहालय आहे आणि तेथे ‘टायगर 131’ हा जर्मन रणगाडा उभा आहे. 1943 साली ट्युनिशियात एका ब्रिटिश तोफगोळ्याने त्याचे टरेट, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, जाम झाले आणि आतले सैनिक तो तसाच टाकून निघून गेले. तोफेची नळी वगळली तर या रणगाड्याची लांबी सव्वासहा मीटरच्या आसपास आणि उंची सुमारे 3 मीटर भरते, म्हणजे बाहेर वाहनतळावर लावून आलेल्या आपल्या मोटरहोमएवढीच, म्हणजे आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीएवढीच. फरक आहे तो वजनाचा. मोटरहोम 3.5 टनांचे, तर टायगर 57 टनांचा. त्याच्या पोटात 5 माणसे आणि 92 तोफगोळे मावत. आदल्या रात्री तेवढ्याच मापाच्या जागेत ‘पातेले कुठे ठेवायचे’ यावरून कुरबूर करून आलेल्या माणसाला ही आकडेवारी फलकावर वाचावी लागत नाही, ती अंगाला जाणवते.

मोटरहोमने फिरणाऱ्याला युद्धसंग्रहालय पाहण्याचा हा एक फायदा आहे. दुसरा फायदा त्याहून व्यवहाराचा आहे. आपले स्वयंपाकघर आणि अंथरूण संग्रहालयाच्या दारापर्यंत येत असल्यामुळे संग्रहालय दोन भागांत, मध्ये विश्रांती घेऊन पाहता येते. बहुतेक लोक मात्र हा फायदा घालवतात. ते वाटेत लागले म्हणून दुपारी दोन वाजता पोहोचतात, उंच गाडीला जागा शोधण्यात अर्धा तास घालवतात आणि उरलेल्या वेळात दालनांमधून धावत सुटतात. पश्चिम युरोपातील प्रवास डोळ्यांसमोर ठेवून, हे कसे टाळावे ते येथे क्रमाने सांगितले आहे.

आधी संग्रहालयाचा प्रकार ओळखावा

सगळी युद्धसंग्रहालये सारखी नसतात आणि त्यांना सारखा वेळ देऊनही चालत नाही. पहिला प्रकार वाहनांच्या संग्रहालयांचा. बोव्हिंग्टन, फ्रान्समध्ये लुआर नदीकाठचे सोम्यूर आणि जर्मनीतील मुन्स्टर ही याची ठळक उदाहरणे. ही संग्रहालये छावण्यांच्या किंवा लष्करी प्रशिक्षण केंद्रांच्या गावी असल्यामुळे येथे रस्ते रुंद आणि जागा मोकळी असते. मोठी गाडी घेऊन जाण्यास हाच प्रकार सर्वांत सोयीचा.

दुसरा प्रकार विमानतळावरच्या संग्रहालयांचा. केंब्रिजजवळचे डक्सफर्ड हे त्यातले नामांकित. 1938 साली स्पिटफायर विमाने ब्रिटिश हवाई दलात पहिल्यांदा दाखल झाली ती याच तळावर. येथील हँगर, म्हणजे विमाने ठेवण्याच्या प्रचंड शेड, धावपट्टीच्या कडेने पसरलेल्या आहेत. वास्तुशिल्पी नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाने आखलेले, 1997 साली उघडलेले अमेरिकन विमानांचे दालन आणि त्यापुढचे भूदलाचे दालन प्रवेशद्वारापासून बरेच दूर आहेत. बी-52 बॉम्बफेकी विमान अख्खेच्या अख्खे छताखाली पाहायचे असेल तर तेवढी पायपीट करावी लागते, म्हणून अशा ठिकाणी पूर्ण दिवस राखून ठेवावा आणि दूरच्या टोकापासून सुरुवात करावी. येथे हवाई कवायतींचे दिवस असतात, तेव्हा रस्ते आणि वाहनतळ तुडुंब भरतात. कवायतच पाहायची नसेल तर ते दिवस टाळलेले बरे.

तिसरा प्रकार मोठ्या शहरांतील संग्रहालयांचा, जसे पॅरिसमधील अँव्हालीद किंवा लंडनमधील इम्पीरियल वॉर म्युझियम. येथे नियम एकच: मोटरहोम शहराबाहेरच्या कॅम्पसाइटवर ठेवावे आणि रेल्वेने जावे. शहराच्या मध्यभागी सात मीटरची गाडी घालण्यात काहीही शौर्य नाही. चौथा प्रकार प्रत्यक्ष रणभूमीवरच्या संग्रहालयांचा. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे, कारण मोटरहोमचा खरा उपयोग तेथेच होतो.

प्रकार ठरला की सुटीचा वार पाहावा. युरोपातील अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, पण सगळी नाहीत. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या लष्करी इतिहास संग्रहालयाची सुटी बुधवारी असते. लहान संग्रहालये हिवाळ्यात काही आठवडे पूर्ण बंद राहतात, आणि ही माहिती मार्गदर्शिकेतून न घेता संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी.

पत्ता, उंची आणि वजन

आमच्या पहिल्या प्रवासात नेव्हिगेशनमध्ये घाईघाईने ‘मुन्स्टर’ टाकले आणि यंत्राने निमूटपणे वेस्टफालियातील म्युन्स्टर या मोठ्या शहराचा रस्ता दाखवला. रणगाड्यांचे संग्रहालय आहे ते ल्युनेबुर्गच्या माळरानावरील मुन्स्टर या छोट्या गावात, आणि दोन्ही ठिकाणांत सरळ रेषेतही सुमारे 200 किलोमीटरचे अंतर आहे. जर्मन लिपीत फरक ‘यू’ अक्षरावरच्या दोन टिंबांचा. चूक अर्थातच माझी होती आणि ती लक्षात आली तेव्हा दिवस कलला होता. तेव्हापासून मी गावाचे नाव टाकतच नाही, पिनकोड टाकतो. मुन्स्टरचा 29633 हा क्रमांक आता कधी विसरेन असे वाटत नाही. काही संग्रहालये वाहनतळाचे अक्षांश-रेखांश वेगळे देतात. ते मिळाले तर तेच वापरावेत, कारण टपालाचा पत्ता पुष्कळदा कार्यालयाच्या दारात नेऊन सोडतो, वाहनतळावर नाही.

यानंतर उंची. मोटारींच्या वाहनतळांवर 2 मीटरच्या आसपास आडवा लोखंडी दांडा लावलेला असतो आणि मोटरहोमची उंची पावणेतीन ते सव्वातीन मीटर असते. गाडी भाड्याची असेल तर तिची उंची, रुंदी, लांबी आणि कमाल वजन एका कागदावर लिहून तो चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवावा. कागदपत्रातली उंची कधी कधी छतावरची खिडकी, सौरपट्टी किंवा अँटेना धरत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी टेपने मोजून घ्यावी. नेव्हिगेशनही मोटारीसाठीचे न वापरता, हीच मापे भरता येतील असे वापरावे. नाहीतर ते हमखास एखाद्या जुन्या रेल्वेपुलाखाली आणून उभे करते.

साधारण मोटारीच्या परवान्यावर युरोपात 3,500 किलोपर्यंतचे वाहन चालवता येते आणि भाड्याची बहुतेक मोटरहोम नेमकी त्याच मर्यादेला टेकलेली असतात. 100 लिटरची पाण्याची टाकी काठोकाठ भरली की 100 किलो वाढतात, हे विसरू नये. दूर जायचे नसेल तर टाकी अर्धी ठेवावी. शहरी भागात प्रदूषण नियंत्रणाची क्षेत्रे असतात. जर्मनीत त्यासाठी काचेवर हिरवा बिल्ला लागतो आणि तो मोटरहोमलाही लागू आहे. भाड्याच्या गाडीवर तो आहे का, हे गाडी ताब्यात घेतानाच पाहावे.

एवढे झाल्यावर संग्रहालयाला एक छोटे ईमेल पाठवावे. त्यात गाडीची मापे द्यावीत आणि तीन गोष्टी विचाराव्यात: एवढ्या मापाच्या गाडीला जागा आहे का आणि ती कोणत्या फाटकाने मिळते, रात्री तेथे थांबण्याची परवानगी आहे का, आणि त्याच तिकिटावर दुपारी बाहेर जाऊन परत येता येते का. तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, पण संपूर्ण दिवसाची आखणी त्याच उत्तरावर अवलंबून असते. उत्तर आले की ते फोनमध्ये जपून ठेवावे. फाटकावरच्या माणसाला ते दाखवले की बोलणे लवकर संपते.

आदली रात्र

संग्रहालयापासून अर्ध्या तासाच्या आत आदल्या संध्याकाळीच पोहोचावे. फ्रान्समध्ये मोटरहोमसाठी गावोगावी ‘एर’ म्हणून ओळखले जाणारे थांबे असतात, जर्मनीत त्यांना ‘श्टेलप्लाट्झ’ म्हणतात. तेथे बहुधा पाणी भरण्याची आणि सांडपाणी सोडण्याची सोय असते. त्याव्यतिरिक्त रस्त्याकडेला थांबायचे तर देशागणिक नियम बदलतात. जर्मनीत गाडी चालवण्याइतके ताजेतवाने होण्यासाठी एखादी रात्र थांबणे चालते. ब्रिटनमधील बहुतेक वाहनतळांवर रात्री झोपण्यास मनाई असते, त्यामुळे तेथे कॅम्पसाइटच गाठावी.

या सर्व देशांत एक भेद फार काटेकोरपणे पाळला जातो: गाडी ‘उभी करणे’ वेगळे आणि ‘तळ ठोकणे’ वेगळे. खुर्च्या बाहेर आल्या, कापडी छत उघडले किंवा काही ठिकाणी चाकाखाली समतोलाचे ठोकळे जरी सरकवले, तरी तो तळ मानला जातो आणि दंड होऊ शकतो. संग्रहालयाच्या वाहनतळावर तर हे अधिक सांभाळावे. अनेक संग्रहालयांच्या आवारातच स्मारक असते, आणि त्याच्या समोर कपडे वाळत घातलेले कोणालाच बघवत नाहीत.

रात्रीच मलटाकी रिकामी करून घ्यावी आणि सांडपाण्याची टाकीही सोडून द्यावी, म्हणजे सकाळचा वेळ मोकळा राहतो.

निघण्यापूर्वी

सकाळी उघडण्याच्या वेळेआधी वीस मिनिटे पोहोचावे. मोठ्या गाड्यांच्या जागा मोजक्या असतात आणि दहानंतर तेथे सहलींच्या बसगाड्या येऊ लागतात. गाडी लावताना ती शक्य तितकी सपाट जागेवर उभी करावी, कारण गॅसवर चालणारे शीतपेटीचे यंत्र कलत्या गाडीत नीट थंड करत नाही. कोणी आत नसताना गॅस चालू ठेवणे मला स्वतःला पटत नाही. सिलिंडरचा कॉक बंद करून मी दोन-तीन बर्फाच्या पिशव्यांवर भागवतो आणि दुपारपर्यंत दूध टिकते.

नंतर खिसे रिकामे करावेत. मोटरहोमच्या प्रवासात घडीचा चाकू, पेचकस, पाण्याच्या नळाची चावी असा ऐवज खिशात आपसूक जमा होतो आणि सुरक्षा तपासणीत त्यावरूनच खोळंबा होतो. पारपत्र व पैसे मात्र अंगावरच ठेवावेत, गाडीत नव्हे. पडदे ओढावेत आणि छताच्या खिडक्या बंद केल्याची खात्री करावी. सोबत कुत्रा असेल तर त्याच्या सोयीचा विचार आधीच करावा. उन्हात बंद गाडीत त्याला ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ.

हँगर आणि वाहनांच्या शेडमध्ये उन्हाळ्यातही गारवा असतो व जमीन काँक्रीटची असते. जाड तळव्याचे बूट आणि एक स्वेटर घ्यावा.

पहिला भाग: आधी फिरावे, मग वाचावे

युद्धसंग्रहालयात थकवा येतो तो पायांना नव्हे, वाचनाने. पहिल्या दालनातील पहिल्या पेटीपासून प्रत्येक फलक वाचत गेलो तर तासाभरात मन भरून जाते आणि पुढची महत्त्वाची दालने डोळ्यांवरून नुसती सरकतात. म्हणून पहिला अर्धा तास काहीही न वाचता संपूर्ण इमारतीतून एक फेरी मारावी. नकाशा हातात असावा आणि पेन्सिलीने केवळ पाच-सहा वस्तूंवर खुणा कराव्यात. नंतर त्या वस्तूंपाशीच परत यावे, आणि प्रत्येकीपाशी निदान दहा मिनिटे थांबावे.

दहा मिनिटांत काय पाहायचे, हे एका उदाहरणाने सांगतो. बोव्हिंग्टनमध्ये ‘मार्क 1’ या पहिल्या लढाऊ रणगाड्याचा आज उरलेला एकमेव नमुना आहे. 15 सप्टेंबर 1916 रोजी, पहिल्या महायुद्धातील सॉमच्या लढाईत या जातीचे रणगाडे पहिल्यांदा रणांगणावर उतरले. लांबून तो लोखंडी समभुज चौकोनासारखा दिसतो आणि बहुतेक जण छायाचित्र काढून पुढे जातात. जवळ जावे. पत्र्यावरच्या रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, रांगा पाहाव्यात. चिलखतावर गोळ्या आदळल्या की आतल्या बाजूने लोखंडाचे बारीक तुकडे उडत, म्हणून सैनिकांना तोंडावर साखळ्यांचे मुखवटे देण्यात आले होते. दार किती लहान आहे ते पाहावे आणि त्यातून 8 माणसे कशी आत शिरत असतील याची कल्पना करावी. इंजिन मध्यभागी, माणसांच्या शेजारी, कोणत्याही पडद्याशिवाय बसवलेले होते. आत उष्णता, धूर आणि असा गोंगाट की बोलणे ऐकू येत नसे. वळण घेण्यासाठी 8 पैकी 4 जणांना मिळून खटपट करावी लागे, आणि वेग माणसाच्या चालण्याहून फारसा अधिक नव्हता. एवढे पाहून झाल्यावर फलक वाचावा. आता त्यावरचा प्रत्येक शब्द समजतो.

मग त्याच संग्रहातला दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आलेला ‘सेंच्युरियन’ शोधावा. सैनिकांना बाहेर न पडता पाणी उकळता यावे आणि डबाबंद अन्न गरम करता यावे म्हणून ब्रिटिशांनी या रणगाड्यापासून आत विजेवर चालणारे भांडे बसवायला सुरुवात केली. रणगाड्याच्या विजेवर चहा! गाडीच्या बॅटरीवर किटली चालवण्याची स्वप्ने पाहणाऱ्याला ही गोष्ट तोफेच्या व्यासापेक्षा अधिक काळ लक्षात राहते, आणि त्यात गैर काहीच नाही. यंत्रांत माणसे राहत होती हे कळण्याची ती एक वाट आहे.

प्रत्येक वस्तूपाशी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत: ही कोणी वापरली, ही कोणावर वापरली गेली, आणि ती येथवर कशी आली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फलकावर सहसा नसते आणि नेमके तेच मुलांना समजावून सांगावे लागते. लहान मुलांना रणगाड्याचा आकार मोहवतो, त्याबद्दल त्यांना दटावू नये. त्यांना चाके मोजायला लावावी आणि मग हळूच आतल्या माणसांकडे बोलणे वळवावे. छायाचित्रे फ्लॅश न वापरता काढावीत, कारण गणवेशांचे रंग आणि कागद प्रकाशाने विटतात.

दुपार

साधारण दोन-अडीच तासांनी, थकवा जाणवण्यापूर्वीच बाहेर पडावे. हातावर शिक्का लागतो की तिकीट दाखवावे लागते, हे दारावर विचारून घ्यावे. गाडीत जाऊन बूट काढावेत, सकाळी करून ठेवलेले खावे आणि अर्धा तास आडवे व्हावे. वाहनतळावर फोडण्या देत बसू नये. संग्रहालयाच्या उपाहारगृहातील रांगेत जेवढा वेळ जातो तेवढ्यात ही सगळी विश्रांती उरकते.

दुपारचा भाग शांत दालनांसाठी राखावा: पत्रे, शस्त्रक्रियेची हत्यारे, युद्धकैद्यांच्या वस्तू, नागरिकांच्या घरातील सामान. ही दालने बहुधा वरच्या मजल्यावर किंवा मागच्या बाजूला असतात आणि दमलेले लोक तेथवर येत नाहीत. ड्रेस्डेनचे संग्रहालय तर याच विचारावर उभे आहे. जुन्या शस्त्रागाराच्या इमारतीत वास्तुशिल्पी डॅनियल लिबेस्किंड यांनी काच आणि पोलादाची एक प्रचंड पाचर घुसवली आणि 2011 साली ते संग्रहालय नव्याने उघडले. पाचरीचे टोक फेब्रुवारी 1945 मध्ये या शहरावर झालेल्या बॉम्बहल्ल्याला जेथून सुरुवात झाली त्या दिशेला रोखलेले आहे. तेथे वर जाऊन शहराकडे पाहिल्यावर खालच्या दालनांतील शस्त्रे परत एकदा पाहावीत.

रणभूमीवरील संध्याकाळ

रणभूमीवरच्या संग्रहालयांत दिवस दार बंद होण्याबरोबर संपत नाही. बेल्जियममधील ईपर येथे वस्त्रबाजाराच्या जुन्या इमारतीत पहिल्या महायुद्धाचे संग्रहालय आहे आणि तेथून चालत काही मिनिटांवर मेनिन गेट ही कमान आहे. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा 54,000 हून अधिक सैनिकांची नावे तिच्यावर कोरलेली आहेत आणि त्यांत भारतीय सैनिकही आहेत. 1928 पासून तेथे रोज रात्री 8 वाजता बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ ही मृत सैनिकांना मानवंदना देणारी धून वाजवली जाते. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ताब्याच्या काळातच त्यात खंड पडला. गावालगत मुक्काम असेल तर संग्रहालय दुपारी पाहून, गाडीत जेवून, साडेसातला चालत तेथे जावे. टाळ्या वाजवू नयेत आणि फोन खिशातच ठेवावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीमा ओलांडून फ्रान्समधील न्यव्ह शापेल गाठावे. मार्च 1915 मध्ये येथे झालेल्या लढाईत भारतीय पलटणी आघाडीवर होत्या. हर्बर्ट बेकर यांनी रचलेल्या, 1927 साली खुल्या झालेल्या वर्तुळाकार स्मारकावर 4,700 हून अधिक भारतीयांची नावे आहेत. 10 मार्च 1915 रोजी मारले गेलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी गबरसिंग नेगी यांचे नाव त्यांतच सापडते. येथे तिकीट नाही, दुकान नाही, आणि पुष्कळदा दुसरे कोणी नसते. मोठी गाडी सावकाश आणि रस्त्याचा अडसर होणार नाही अशी लावावी.

या भागातील शेतांत आजही नांगराला न फुटलेले तोफगोळे लागतात आणि शेतकरी ते बांधावर ठेवून लष्कराला कळवतात. काहींत विषारी वायू असतो. गंजलेला लोखंडी तुकडा कितीही निरुपद्रवी दिसला तरी हात लावू नये, उचलून गाडीत तर मुळीच टाकू नये.

दुकान आणि परतीची तयारी

जुन्या वस्तूंच्या दुकानांतून रिकामी काडतुसे किंवा तोफगोळ्याची टोपणे विकत घेण्याचा मोह होतो. विमानतळावर आणि समुद्राखालच्या रेल्वेवर सुरक्षा तपासणीत अशा वस्तू अडवल्या जातात, त्या रिकाम्या असल्या तरीही. पुस्तके घ्यावीत, पण तीही वजन बघून. मी एकदा मोहाला बळी पडून जाडजूड सचित्र ग्रंथांची पिशवी वरच्या कपाटात ठेवली होती आणि पहिल्याच वर्तुळाकार चौकात कपाटाचे दार उघडून ती पिशवी जेवणाच्या टेबलावर आदळली. जड सामान खाली, चाकांच्या आसांच्या मध्ये ठेवावे.

त्या दिवसाची टिपणे त्याच रात्री लिहावीत. प्रत्येक छायाचित्रातील वस्तूचे नाव तेव्हाच लिहून ठेवले नाही, तर चौथ्या दिवशी सगळे रणगाडे सारखे दिसू लागतात. वाहनतळावरून निघण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारावी: गॅसचा कॉक, छताच्या खिडक्या, शीतपेटीच्या दाराची खिट्टी, आणि दाराखालची पायरी आत घेतली आहे ना, हे पाहावे. ही पायरीच सर्वांत जास्त वेळा विसरते.